अद्रकीचं बेणं आणि आपले हात

आपल्या पिशोर भागात अक्षय्य तृतीया जवळ आली की अद्रकीच्या बेण्याची घाई सुरू होते. बेणं मोडायचं कोणी? आपणच. टिपाडात बुडवायचं कोणी? तेही आपणच. औषध आणणारा दुकानातून पुडा आणतो, "टाका पाण्यात" म्हणतो आणि निघून जातो. म्हणून आज आम्ही त्या बुडवण्याबद्दलच बोलणार आहोत.

आधी चुलीपाशी जाऊ. भजी करताना बटाट्याची चकती पिठात बुडवतो. चकती निथळती ओली असली तर पीठ सटकतं. पीठ पातळ झालं तर थर बसत नाही, घट्ट झालं तर गोळा होतो. चकती झटक्यात उचलली तर जास्त पीठ वर येतं. सावकाश काढली तर ते खाली ओघळायला वेळ मिळतो आणि थर पातळ बसतो. याच गोष्टीचं गणित लँडाऊ आणि लेविच या दोन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९४२ साली मांडलं. आपल्याला ते भज्यांमुळे आधीच ठाऊक होतं, एवढंच! पत्र्याच्या बादलीवर जस्ताचा थर असतो ना, तोही असाच. सुमारे ४५० अंश तापलेल्या पातळ जस्तात लोखंड बुडवून काढतात. वाळूजला कामाला जाणाऱ्या पोरांना विचारा, गाड्यांचे सुटे भाग रंगाच्या हौदात कसे बुडवतात ते सांगतील.

बेण्याचंही तेच. मँकोझेब ही पिवळसर भुकटी कंदाच्या आत शिरत नाही. ती वरच बसते आणि बुरशीला अडवते. म्हणजे जिथे थर नाही, तिथे राखण नाही. एकरी आठ क्विंटल बेणं धरलं आणि एक तुकडा तीस ग्रॅमचा, तर पंचवीस हजारांवर तुकडे होतात. त्यातल्या थोड्यांना सड लागली तरी पावसाच्या पाण्याबरोबर ती बेडभर पसरते. वर्षभराचा पैसा त्यात अडकलेला असतो.

कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेची शिफारस सरळ आहे. एक लिटर पाण्याला ३ ग्रॅम मँकोझेब घ्यायचं, बेणं ३० मिनिटं बुडवायचं, निथळून ३ ते ४ तास सावलीत वाळवायचं, मग लावायचं. शंभर लिटरला ३०० ग्रॅम झालं. मुठीच्या अंदाजाने टाकू नका, काट्यावर मोजा.

चुका कुठे होतात? बेण्याला माती तशीच असते. मग औषध मातीला चिकटतं आणि मातीबरोबर गळून जातं. आधी माती झाडा, सडका तुकडा बाजूला काढा. दुसरी चूक ढवळण्याची. ही भुकटी पाण्यात साखरेसारखी विरघळत नाही, ती तळाशी बसते. सकाळच्या गोणीला भरपूर औषध आणि दुपारच्या गोणीला नुसतं पाणी, असं होतं. प्रत्येक गोणीआधी काठीने तळापासून ढवळा. प्रत्येक गोणी थोडं पाणी घेऊन वर येते, तेव्हा टिपाड उतरतं. त्यात साधं पाणी ओतून भर घालू नका, त्याच मापाचं औषधपाणी घाला. ट्रायकोडर्मा वापरायचा असेल तर तो या टिपाडात नको. तीही बुरशीच आहे, भली असली तरी, आणि औषधाला भली-बुरी कळत नाही.

आता हातांचं. जे बेण्यावर चिकटतं ते आपल्या कातडीवरही चिकटतं. त्याच हातांनी आपण दुपारी भाकरी मोडतो. आमच्यातल्या एकीच्या बोटांना चार दिवस आग होत होती, खाज सुटली होती. शेतमालक म्हणाला, "उन्हानं झालं असेल." दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे होते, ऊन असं रंगवत नाही.

तर टिपाडात हात घालायचाच नाही. कांद्याची जाळीची गोणी अर्धी भरा, तोंड बांधा, काठीला अडकवून बुडवा. वर काढताना सावकाश, आणि टिपाडावरच काठी आडवी ठेवून निथळू द्या. हिसका दिला की जास्त पाणी वर येतं, पायावर आणि तोंडावर उडतं, औषधही वाया जातं. सावलीत पसरतानाही रबरी हातमोजे हवेत, लांब बाह्यांचा सदरा हवा. पोटुशी आणि अंगावर पाजणारी बाई या कामाला नको. तिला बेणं मोडायला बसवा, मजुरी तीच द्या.

पुड्यावरचा त्रिकोण पाहायची सवय लावा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. वाचता येत नसलं तरी रंग ओळखता येतो. हिरवा म्हणजे खायचं औषध नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

हातमोज्यांचा खर्च कोणाचा, यावर आमच्या गटात बरीच वादावादी झाली. आमचं मत ठरलं ते असं: ज्याचं बेणं, त्याचे हातमोजे. रोज ठरवतानाच बोलायचं, टिपाडापाशी उभं राहून नाही. उरलेलं पाणी नाल्यात ओतू नका आणि बुडवलेलं बेणं उरलं तर चहात टाकायला घरी आणू नका. टिपाडावर खडूने खूण करून ठेवा, म्हणजे लग्नसराईत ते कोणी पाण्यासाठी उचलणार नाही.