अनुबोधपट आणि बोलणारी जनता



भारतीय चित्रपटाच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून सांगितला जातो. परंतु त्याच्या चौदा वर्षे आधी, १८९९ साली, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली होती. १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे दृश्यही सावे दादांनी टिपले. म्हणजे भारतीय माणसाच्या हाती कॅमेरा आला तेव्हा तो प्रथम वळला तो पुराणकथेकडे नव्हे, तर प्रत्यक्ष जगणाऱ्या माणसांकडे.

तथापि प्रत्यक्ष माणूस पडद्यावर दिसला म्हणजे त्याचे सत्यही दिसले, असे होत नाही. त्या माणसाला स्वतः बोलू दिले जाते की त्याच्या वतीने दुसराच कोणी बोलतो, आणि त्याचे बोलणे जनतेपर्यंत पोहोचू द्यायचे की नाही हे ठरवतो कोण, हा अनुबोधपटाचा मूळ प्रश्न आहे.

१९४८ साली केंद्र सरकारने फिल्म्स डिव्हिजनची स्थापना केली. देशभरच्या चित्रपटगृहांवर मुख्य चित्रपटाआधी मान्यताप्राप्त अनुबोधपट दाखविण्याचे व त्याचे भाडे भरण्याचे बंधन होते. धरणे, पोलादाचे कारखाने, सुधारित शेती, प्राचीन शिल्पे यांची ओळख या चित्रांनी खेड्यापाड्यांपर्यंत नेली. ते कार्य उपेक्षणीय खचितच नव्हते. परंतु शेतात राबणारा शेतकरी आणि भट्टीपुढे उभा असलेला कामगार त्यांत बहुधा मूकच राहिला. बोलत असे तो पडद्यामागचा सर्वज्ञ भाष्यकार. या चाकोरीला छेद देणारे कलावंतही याच संस्थेत होते. एस. एन. एस. शास्त्री यांनी १९६७ साली ‘आय ॲम ट्वेंटी’मध्ये स्वातंत्र्याबरोबरच जन्मलेल्या तरुणांना या देशाविषयी थेट बोलते केले. सुखदेव यांनी ‘इंडिया ६७’मध्ये भाष्यकाराला रजाच दिली.

पडद्यावर विषमता स्पष्ट दिसू लागताच राज्यसंस्था कशी अस्वस्थ होते, याचा अनुभव ख्वाजा अहमद अब्बास यांना आला. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांतील ऐश्वर्य आणि दैन्य त्यांनी ‘चार शहर एक कहानी’ या अनुबोधपटात समोरासमोर उभे केले. सेन्सॉर मंडळाने वेश्यावस्तीच्या दृश्यांना हरकत घेतली. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० साली न्यायालयाने पूर्वपरीक्षणाची पद्धत घटनासंमत ठरविली; मात्र कोणत्या निकषांवर कात्री चालवायची ते अधिक नेमके असले पाहिजे, असेही बजावले. त्या कात्रीची सावली पुढील प्रत्येक अनुबोधपटावर पडलेली आहे.

आनंद पटवर्धन यांचा १९८५ सालचा ‘हमारा शहर’ मुंबईच्या झोपडपट्ट्या आणि पदपथ यांवरील माणसांविषयी आहे. हे शहर ज्यांनी बांधले त्यांचीच घरे बुलडोझरखाली जात असताना, या लोकांनी शहर कसे घाण केले याची चर्चा सुखवस्तू मंडळी करताना दिसतात. परंतु या चित्रपटातील सर्वांत मोलाचा क्षण निराळाच आहे. घर गमावलेली एक स्त्री चित्रीकरण करणाऱ्यांवरच संतापते. गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव मिळवाल, त्यातून आमच्या पदरात काय पडणार, असा तिचा सवाल आहे. दिग्दर्शकाने तो कापून टाकला नाही, जसाच्या तसा ठेवला. कॅमेऱ्यालाही जाब विचारण्याचा अधिकार त्या स्त्रीला आहे, हे मान्य केल्यावाचून जनतेचा अनुबोधपट होऊच शकत नाही.

श्रद्धेच्या प्रश्नातही हीच कसोटी लागते. १९९० सालच्या रथयात्रेच्या मार्गाने जाणारा ‘राम के नाम’ १९९२ साली, बाबरी मशीद पाडली जाण्यापूर्वी, पूर्ण झाला. धर्माच्या नावाने चाललेल्या राजकारणाला उत्तर देण्यासाठी त्यात नास्तिक पंडित आणलेला नाही. उत्तर देतात ते रामजन्मभूमीचे न्यायालयनियुक्त मुख्य पुजारी लालदास. या आंदोलनामागे भक्ती नसून सत्ता आणि पैसा यांची हाव आहे, असे ते शांतपणे सांगतात. श्रद्धाळू माणूस आणि श्रद्धेचा व्यापार करणारा माणूस यांतील भेद येथे कोणत्याही ग्रंथापेक्षा स्पष्टपणे प्रकट होतो. १९९३ च्या नोव्हेंबरात लालदास यांची हत्या झाली. पडद्यावरचे त्यांचे शब्द मात्र राहिले.

हे शब्द ऐकू न देण्याचे प्रयत्नही कमी झाले नाहीत. राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही दूरदर्शनने हा चित्रपट न्यायालयीन लढ्यानंतरच दाखविला. सर्वांना पाहण्यास योग्य असे प्रमाणपत्र त्याला असतानाही २०१९ च्या ऑगस्टमध्ये हैदराबाद विद्यापीठात पोलिसांनी त्याचे प्रदर्शन थांबवून विद्यार्थ्यांना ताब्यात घेतले. प्रमाणपत्र हातात असणे आणि चित्रपट दाखवता येणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

‘हमारा शहर’मध्ये गाणारा एक शाहीर होता, विलास घोगरे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेध करणाऱ्या वस्तीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण ठार झाले. चार दिवसांनी विलास घोगरे यांनी गळफास घेतला. त्या घटनेपासून चौदा वर्षे चित्रीकरण करून पटवर्धन यांनी २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण केला. जमाव टँकर पेटविणार होता, या पोलिसी समर्थनाची तो पुराव्यानिशी छाननी करतो. परंतु त्याचा खरा सवाल अधिक खोल आहे. मार्क्सवादी विचारांच्या या शाहिराने मृत्यूला सामोरे जाताना कपाळाला निळी पट्टी का बांधली? वर्गाची लढाई लढणाऱ्यांना जातीची जखम पुरती दिसली नव्हती काय? हा प्रश्न शत्रूने विचारलेला नाही. तो आपल्याच माणसाने मागे ठेवलेला आहे. त्याला घाईने उत्तर देण्यापेक्षा तो नीट ऐकून घेणे हे डाव्या चळवळीचे कर्तव्य ठरते. जानेवारी २०१२ मध्ये हा चित्रपट भायखळ्याच्या बीआयटी चाळीत दाखविण्यात आला. ज्यांची कहाणी त्यांच्याच अंगणात ती परत गेली. ‘हमारा शहर’मधील त्या स्त्रीच्या सवालाला मिळालेले हे निदान अर्धे उत्तर होय.

उरलेले अर्धे उत्तर प्रेक्षकांनी द्यावयाचे आहे. सरकारी मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवाने भारतीय अनुबोधपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली, तेव्हा दिग्दर्शक एकजुटीने उभे राहिले. अट मागे घ्यावी लागली. तरी अनेक अनुबोधपट नाकारले गेलेच, म्हणून २००४ साली त्यांनी ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरविला. २००२ च्या गुजरातमधील हिंसाचारावरील राकेश शर्मा यांच्या ‘फायनल सोल्यूशन’ला त्याच वर्षी प्रथम प्रमाणपत्र नाकारले गेले, तेव्हा प्रत मिळालेल्या प्रत्येकाने आणखी पाच प्रती काढून वाटाव्यात, असे आवाहन झाले. त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये प्रमाणपत्र द्यावे लागले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने पटवर्धन यांचा ‘फादर, सन अँड होली वॉर’ दाखविण्याचा आदेश दूरदर्शनला दिला. या विजयांमागे न्यायालय होते तसे संघटित दिग्दर्शक आणि जागृत प्रेक्षकही होते.

मार्च २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्याचा आदेश निघाला. तिच्या भांडारातील हजारो चित्रे जनतेच्या पैशांतून निर्माण झालेली आहेत. ती जनतेची स्मृती आहे आणि जनतेला ती खुली राहिली पाहिजे, ही मागणी सातत्याने लावून धरली पाहिजे.

कामगार संघटनेचे कार्यालय, महाविद्यालयाचे सभागृह, वस्तीतील समाजमंदिर, गावातील शाळा, यांपैकी कोठेही एक पांढरी चादर बांधता येते. तीवर चित्रपट दाखवावा, आणि तो संपल्यावर लगेच पांगू नये. ज्यांचे जीवन पडद्यावर आले त्यांनी प्रथम बोलावे आणि इतरांनी ऐकावे. सव्वाशे वर्षांपूर्वी हँगिंग गार्डनमधील त्या पैलवानांना कोणी बोलते केले नव्हते. आज पडद्यावरचा माणूस बोलू लागला आहे. त्याच्यासमोर श्रोते जमविणे, हे काम शिल्लक आहे.