घरगुती उबवणी आणि उष्णतामान

खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते. तिला तापमापक लागत नाही. दाणापाण्यासाठी ती दिवसाकाठी थोडा वेळच उठते आणि अंडी स्वतःच फिरविते. तिचे काम उबवणी पेटीवर सोपवावयाचे, तर उष्णतामान राखण्याची जबाबदारी कुक्कुटपालकावर येते.

पंखा असलेल्या पेटीत ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. पंखा नसल्यास उष्ण हवा वर साचते. अशा पेटीत अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर सुमारे ३८.५ अंश धरावेत. तापमापक झाकणाला टांगला, तर तो अंड्यांजवळचे नव्हे, झाकणाजवळचे उष्णतामान दाखवितो. घरगुती उबवणी पुष्कळदा येथेच फसते. तापमापक खरा आहे की नाही, हे कोमट पाण्यात ज्वरमापकाशेजारी धरून पाहावे. अंडी ठेवण्यापूर्वी पेटी एक दिवस रिकामी चालवावी.

थंडीपेक्षा उष्णता अधिक घातक असते. तासाभरासाठी वीज गेली तर झाकण न उघडता वर गोधडी घालावी, मात्र हवेची छिद्रे मोकळी ठेवावीत. पेटी थोडी निवाल्यास पिले उशिरा निघतील, पण बहुधा जगतील. उलट पारा ४० अंशांपलीकडे गेल्यास थोड्या वेळातही भ्रूणांचा घात होऊ शकतो. सतत किंचित जास्त उष्णता मिळाल्यास पिले लवकर निघतात, पण दुबळी, बेंबी न मिटलेली.

विदर्भातील मे महिन्यात खोलीच पेटीहून अधिक तापते. थर्मोस्टॅट दिवा मालवितो. पेटी थंड करणे त्याच्या हाती नसते. शिवाय फळीवर साठविलेल्या अंड्यांत वाढ अवेळी सुरू होऊन भ्रूण मरतात. थंडाव्याची खोली नसेल, तर उन्हाळ्यात उबवणीचा बेत न केलेलाच बरा.

दुसऱ्या पंधरवड्यात वाढते भ्रूण स्वतःच उष्णता देऊ लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात योग्य ठरलेली मांडणी पुढे जास्त होते. पारा सकाळ-संध्याकाळ पाहावाच. अठराव्या दिवसापासून अंडी फिरविणे थांबवून पेटीतील पाण्याचे भांडे मोठे करावे. पहिले पिलू दिसताच झाकण उघडण्याचा मोह मुलांनाच काय, थोरांनाही आवरत नाही. परंतु त्यामुळे दमट हवा निघून जाते आणि उरलेली पिले वाळलेल्या पापुद्र्यात अडकतात. निघालेल्या पिलांची घाई नसते. बलक पोटात घेऊनच ती बाहेर येतात आणि एक दिवस दाण्याविना सहज काढतात.