तान्ह्या बाळाशीं खेळणें
(रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



विषयाचें नांव ऐकतांच मागच्या बांकांवरील पुरुषमंडळींत हंसूं उमटलेलें आम्हीं पाहिलें. तान्हें मूल म्हणजे बायकांचें काम, असें आम्हीहि एके काळीं समजत होतों. आमच्या पहिल्या अपत्यास आम्हीं महिनाभर क्वचितच हातीं घेतलें. एके सायंकाळीं धीर करून मांडीवर घेतलें, खुळखुळा वाजविला, मोठमोठ्यानें बोललों. तों त्यानें तोंड फिरविलें. मूल आपणांस नको म्हणतें, असें समजून आम्हीं तें मुकाट्यानें त्याच्या आईकडे दिलें. पुढें कित्येक दिवस पुन्हा मागितलें नाहीं.

नवजात बाळास नीट दिसतें तें सुमारें वीतभर अंतरावरचें, म्हणजे २० ते ३० सेंटिमीटरांवरचेंच. दूध पितांना आईचा चेहरा नेमका तितक्याच अंतरावर असतो. ऐकूं मात्र गर्भांतच येऊं लागतें. डीकॅस्पर व फायफर ह्या अमेरिकन संशोधकांनीं १९८० सालीं तीन दिवसांहूनहि लहान बालकांच्या तोंडीं चोखणी दिली. एका रीतीनें चोखल्यास आईचा आवाज ऐकूं येई, दुसऱ्या रीतीनें परक्या स्त्रीचा. बालकांनीं आईचाच मागितला!

तेव्हां खेळणीं नकोत. आपला चेहरा व आवाज पुरे. जवळ जावें, हळू बोलावें आणि थांबावें. हें थांबणेंच आम्हां पुरुषांस जमत नाहीं. बाळानें पाय हलविला, ओठ चाळविला, कीं तें त्याचें उत्तर समजून पुढें बोलावें. त्यानें मान वळविली, जांभई दिली, तर तें थकलें आहे. थोडा विसांवा द्यावा. आमच्या बाळानें त्या सायंकाळीं एवढेंच सांगितलें होतें.

सुमारें सहाव्या आठवड्यापासून बाळ आपल्याकडे पाहून हंसूं लागतें. एडवर्ड ट्रॉनिक व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मातांनीं बाळासमोर कांहीं मिनिटें चेहरा निर्विकार ठेवला. बाळें हंसून आईस बोलावीत, पुन्हा बोलावीत, आणि अखेर खिन्न होऊन तोंड फिरवीत. हातांतील मोबाइलकडे टक लावून मुलास मांडीवर घेणाऱ्यांनीं हें ध्यानीं घ्यावें. (आमच्याच घरचे आजोबा ह्यांत सर्वांत मोठे अपराधी!)

'फार उचलूं नका, हाताची संवय लागेल' असें घरोघर सांगतात. जॉन वॉटसन ह्या मानसशास्त्रज्ञानेंहि १९२८ सालच्या आपल्या पुस्तकांत मुलांस कुरवाळूं नये असाच उपदेश केला होता. उलट बेल व एन्सवर्थ ह्या विदुषींस १९७२ सालीं आढळलें कीं, ज्यांच्या रडण्यास आई लवकर ओ देई, तीं मुलें वर्षाच्या अखेरीस कमी रडत. ह्या निष्कर्षावर पुढें वाद झाला खरा. पण तान्हें मूल उचलल्यानें बिघडतें, असें आतां बालरोगतज्ज्ञ म्हणत नाहींत.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे कुजबुजीनेंहि बोलत नाहींत. कित्येक मातांस बाळ पाहून लागलींच माया दाटून येत नाहीं. रडूं येतें, रितें वाटतें. पहिल्या आठवड्यांतील असें रडूं बहुधा आपोआप ओसरतें. तें दोन आठवड्यांहून अधिक टिकलें तर तो आजार असूं शकतो; त्यास औषधोपचार आहे. अशा सुनेस 'कसली ही आई' म्हणणाऱ्या सासूबाईंनीं तिला आधीं झोपूं द्यावें, आणि डॉक्टरांकडे न्यावें. बाळ तोंवर बापाच्या छातीशीं सुखानें राहील.

मागें एक तान्हें रडूं लागलें आहे. बाई, त्यास बाहेर नेऊं नका; शेजारीं बसलेल्या त्याच्या बाबांकडे द्या. आम्ही थांबतों.