वहीतला जबाब

(सोमाटणे येथे वस्तीतील पालक व तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



शाळेत पोरं पोरांना चिडवतात, त्यात भाषण ठोकण्यासारखं काय, असं काहीजण म्हणतील. जाड्या म्हणून चिडवलेलं पोरही रडतं, त्याचं दुःख खोटं नाही. पण 'सरकारी जावई' ही शिवी पोरानं बनवलेली नसते. ती घरातून, ओट्यावरून, मोठ्यांच्या तोंडून पोराच्या दप्तरात येते. स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी वर्गात नावं पुकारली, की दप्तरातून बाहेर पडते.

हे दुखणं जुनं आहे. साताऱ्याच्या शाळेतली आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलीय. बसायचं गोणपाट घरून न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. शिपाई नसला तर पाणी नाही. आज गोणपाट गेलं, बाक आला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम १७ नं मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी केली. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. पाट्या बदलतील. तोंडांचं काय?

मग यात कविता कुठून आली?

मी दर रविवारी वस्तीतल्या पोरांना घेऊन बसतो. मार खाल्लेलं पोर कुठं लागलं ते सांगतं. शिवी खाल्लेलं पोर सांगत नाही. कारण सांगायचं तर ती शिवी स्वतःच्या तोंडानं उच्चारावी लागते. मग ते पोट दुखतंय म्हणतं, शाळा बुडवतं. म्हणून मी 'काय झालं' विचारत नाही. म्हणतो, दप्तरावर लिही. यमक नको, शुद्धलेखन नको. घरात बोलतोस तसं, चार ओळी. सहावीतल्या एका पोरीनं लिहिलं:

माझं दप्तर लय जड
पुस्तकं तुमच्याएवढीच हायेत
वर तुमी टाकलेला शब्द हाय
उद्या तुमचा तुमी उचला

तिला विचारून मी ते मोठ्यानं वाचलं. तशी बाकीची बोलायला लागली. मलाबी म्हणले, मलाबी! एकटं पोर स्वतःतच खोट शोधत बसतं. चौघांच्या वह्या शेजारी ठेवल्या, की त्याला कळतं, खोट आपल्यात नाही.

असा जबाब आपल्या पोरीनं पूर्वीही दिलाय. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ साली तो 'ज्ञानोदया'त छापून आला. शाळकरी पोर होती ती! १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी केली, तेव्हा पुढं कवी आणि लेखकच होते. नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून. त्या अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, जून जॉर्डन ही काळी कवयित्री वस्तीतल्या पोरांना घेऊन लिहायला बसत होती. त्या पोरांच्या कवितांचं पुस्तक १९७० साली निघालं.

आता कार्यकर्त्यांना तीन गोष्टी रोखठोक सांगतो.

पहिली. वही पोराची आहे. त्याला विचारल्याशिवाय वाचू नका, मोबाईलवर फिरवू नका. १४ एप्रिलच्या स्टेजवर आपल्या हौसेखातर त्याला उभं करू नका.

दुसरी. शिवीला शिवी जोडून दिली म्हणजे विद्रोह होत नाही. कातकऱ्याच्या पोराला आपली पोरं काय म्हणतात? तेही वहीत आलं पाहिजे. नाहीतर आपण फक्त शिवी पुढं ढकलली.

तिसरी. कविता झाली म्हणजे काम झालं नाही. सहावीतल्या पोरीनं अख्खी व्यवस्था एकटीनं अंगावर घ्यायची आणि आपण टाळ्या पिटायच्या, हे चालणार नाही. पालकांनी चौघं मिळून मुख्याध्यापकाकडं जायचं. तक्रार लेखी द्यायची, पोच घ्यायची. स्कॉलरशिपची नावं वर्गात पुकारू नका, हेही लेखी मागायचं. पोरीनं तिच्या वाटणीचं लिहिलंय. अर्ज आपण लिहायचा.

इथून देहू जवळ आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. शूद्राच्या हातातली वही तेव्हाही सलत होती. आपल्या पोरांच्या हातात ती द्या. चाळीस पानी, कोरी, त्याच्या एकट्याची. आणि येत्या सोमवारी शाळेच्या फाटकाशी किती पालक येणार, ते आत्ता हात वर करून सांगा.

जयभीम.