एचपी विचारलेत, पीळ विचारलात का?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



ट्रॅक्टर घ्यायला गेलो की आपला पहिला प्रश्न एकच : "किती एचपी?" विकणारा आकडा सांगतो आणि त्या आकड्यावर आपण कर्जाच्या कागदावर सही करतो. हप्ता मात्र वर्षानुवर्षे कपाशीच्या पैशातून जातो. कापूस विकताना आपण काटा तपासतो. मग हा आकडाही तपासला पाहिजे.

एचपी म्हणजे घोड्याची ताकद. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये जेम्स वॅटला वाफेची इंजिने विकायची होती. गिऱ्हाइकांकडे घोडे होते. इंजिन किती घोड्यांचे काम करील, हे त्यांना पटवायचे होते. त्याने हिशेब बसवला : एक घोडा मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलतो. किलोच्या मापात, ७५ किलो एका सेकंदात एक मीटर उचलले की एक एचपी.

आता बैलजोडी घ्या. १०० किलोची ओढ लावून ती सेकंदाला पाऊण मीटर चालली, तर एक एचपी. ५० किलोची ओढ लावून दीड मीटर चालली, तरी एक एचपीच! पहिली जोडी नांगराच्या कामाची, दुसरी छकड्याच्या. नुसत्या एचपीवरून हे कळत नाही, कारण एचपी म्हणजे ओढ गुणिले वेग.

इंजिनात ओढीच्या जागी पीळ असतो, त्यालाच टॉर्क म्हणतात. मीटरभर दांड्याच्या टोकाला १० किलो टांगले की आसावर १० किलोग्रॅम-मीटरचा पीळ पडतो. पत्रकात न्यूटन-मीटर लिहिले असेल, तर त्याला ९.८ ने भागा. मग हिशेब सोपा : पीळ गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ७१६, म्हणजे एचपी.

जुन्या मारुती ८०० चे इंजिन ३७ एचपीचे, पण ५००० फेऱ्यांना. तिथे पीळ येतो सुमारे ५.३. तेवढ्याच एचपीचा ट्रॅक्टर २००० फेऱ्यांना चालत असेल, तर पीळ १३.२, अडीचपट. गिअर लावून मोटारीचाही पीळ वाढेल. गिअर पीळ वाढवतो आणि वेग घटवतो. एचपी मात्र वाढवत नाही. पण ते इंजिन दिवसभर ५००० फेऱ्यांवर किंचाळत ठेवावे लागेल.

खरी परीक्षा काळ्या रानात होते. पऱ्हाटी उपटून झाली, उन्हाने जमीन तापून घट्ट झाली, नांगर खोल गेला की इंजिनाचे फेरे पडतात. ३५ एचपीच्या इंजिनाचा २००० फेऱ्यांना पीळ १२.५ आहे. फेरे १४०० वर आले आणि पीळ १५ वर चढला, तर एचपी २९ वर येते, पण ओढ वाढते आणि नांगर निघून जातो. ज्याचा पीळ चढत नाही, ते इंजिन तिथेच बंद पडते. पीळ चढण्याच्या या गुणाला राखीव टॉर्क म्हणतात.

ज्वारीच्या मळणीला मात्र पीटीओची एचपी पाहा. ती इंजिनाच्या एचपीपेक्षा कमीच असते. भुसभुशीत रानात चाके घसरतात, तिथे ओढीची ताकद त्याहूनही घटते.

मध्य प्रदेशात बुधनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालात हे आकडे असतात. म्हणून सही करण्याआधी चार प्रश्न विचारू : एचपी किती फेऱ्यांना? जास्तीत जास्त पीळ किती, आणि किती फेऱ्यांना? पीटीओवर किती एचपी? बुधनीचा अहवाल कुठे आहे?

उत्तर मिळेपर्यंत पेन खिशातच राहू द्या. हप्ता आपण भरणार आहोत. हिशेबही आपणच मागायचा.