मी अत्रे बोलत नव्हतो

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल, मेसच्या रांगेत असाल, नाहीतर माझ्यासारखे रात्रीच्या शिफ्टला लॅपटॉपसमोर असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय आहे आचार्य अत्रे, आणि मी त्यांच्यावर केलेला एकपात्री प्रयोग. दोनदा केला. पहिल्यांदा हिट झाला आणि चुकला. दुसऱ्यांदा टाळ्या कमी पडल्या, पण त्याबद्दलच जास्त बोलायचंय.

आधी थोडी ओळख करून देतो, कारण आपल्या पिढीला अत्रे म्हटलं की व्हॉट्सअ‍ॅपवरचे विनोद आठवतात. प्रल्हाद केशव अत्रे. जन्म १३ ऑगस्ट १८९८, सासवडजवळच्या कोडीतचा. पेशाने शिक्षक. 'केशवकुमार' नावाने 'झेंडूची फुले' हा विडंबनांचा संग्रह काढला. 'साष्टांग नमस्कार', 'लग्नाची बेडी', 'तो मी नव्हेच' ही नाटकं त्यांची. 'श्यामची आई' हा सिनेमाही त्यांचाच, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट. आणि या सगळ्याच्या वर मुंबईतला पत्रकार. १९४० साली साप्ताहिक 'नवयुग' आणि १५ नोव्हेंबर १९५६ ला दैनिक 'मराठा'. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा माणूस सकाळी पेपरातून गरजायचा आणि संध्याकाळी सभेतून.

आता आपल्या धाराशिवकरांसाठी एक तारीख. आपला जिल्हा आधी निजामाच्या राज्यात, नंतर हैदराबाद राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. म्हणजे आपण मुंबईच्या राज्यात आलो आणि बरोबर दोन आठवड्यांनी 'मराठा' सुरू झाला. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वी गणपतीला गावी गेलो होतो. गाव तेरच्या जवळचं. मंडळाची पोरं म्हणाली, "दादा, तू पॉडकास्ट करतोस, डीजेऐवजी तुझंच काहीतरी ठेवू." मी लगेच हो म्हणालो. अत्र्यांवर एकपात्री काही नवीन नाही. सदानंद जोशींचा 'मी अत्रे बोलतोय' किती गाजला ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. आणि एकपात्री हा प्रकार मराठवाड्याला शिकवावा लागत नाही. आमच्या संभाजीनगरच्या लक्ष्मण देशपांडे सरांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने बावन्न माणसं उभी केली. त्याच्याही आधी आपल्याकडे कीर्तनकार होते, बहुरूपी होते, तुळजापूरचे गोंधळी होते. एक माणूस उभा राहतो आणि अख्खं गाव ऐकतं, हे आपल्या सवयीचं आहे.

मी काय केलं? इंटरनेटवरून अत्र्यांचे वीस-पंचवीस किस्से गोळा केले. पोटाला उशी बांधली. आवाज जाड केला. दर दोन मिनिटांनी 'गेल्या दहा हजार वर्षांत' असं म्हणायचं ठरवलं. पंचवीस मिनिटांचा प्रयोग झाला. लोक खो खो हसले. पोरांनी रील टाकली, तीही बऱ्यापैकी चालली. मी जाम खूश.

कार्यक्रम संपल्यावर आबा भेटले. आबा म्हणजे माझ्या आजोबांचे दोस्त, नव्वदीला टेकलेत. खुर्चीतून न उठता म्हणाले, "हसवलंस लई. पण अत्रे भांडायचा, लेका. तू भांडलास कुठं?"

मी म्हणालो, "आबा, लोकांना कॉमेडी लागते."

ते म्हणाले, "आन् ही उशी कशाला? अत्र्याचा आवाज आमच्यापैकी कुणी ऐकलावता? आमच्यासाठी अत्र्याचा आवाज म्हंजी तुझ्या आजोबाचा आवाज."

मला काही कळेना. मग आबांनी सांगितलं.

त्या काळी धाराशिव शहरात रेल्वे नव्हती. होती ती बार्शी लाइट रेल्वे, अरुंद रुळांची छोटी गाडी, कुर्डुवाडी-बार्शीकडून येडशी, तेर, ढोकी करत लातूरला जाणारी. आमचे एक नातेवाईक त्या रेल्वेत कामाला होते. ते कधीकधी 'मराठा'चा अंक आणायचे, तीन-चार दिवस शिळा. आजोबा तेव्हा अठरा वर्षांचे. वाचता येणारे गावात मोजकेच. ते चहाच्या हॉटेलात बाकावर बसून अग्रलेख मोठ्याने वाचायचे आणि माणसं ऐकायची. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा हे त्यांचं ते ठरवायचे. अत्र्यांच्या शिव्या आल्या की हॉटेल हसायचं. मुंबईचा विषय आला की शांत व्हायचं.

म्हणजे बघा, माझ्या आधी साठ-सत्तर वर्षं आमच्याच घरातला माणूस अत्र्यांचा एकपात्री करत होता. स्टेज नाही, माईक नाही.

पण आबांची गोष्ट इथे संपली नव्हती. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. 'मराठा' तेव्हा तीन आठवड्यांचा होता. ७ तारखेला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, तिथे त्या अफाट गर्दीसमोर अत्रे बोलले. पुढे काही दिवसांनी अंक आमच्या गावात पोचला. बातमी आधीच कळली होती, पण अत्र्यांनी काय लिहिलंय ते ऐकायला माणसं आली. वस्तीतली माणसं. ती हॉटेलच्या बाहेर, रस्त्यावर उभी राहिली.

मी विचारलं, "बाहेर का?"

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आत बसायची परवानगी नव्हती, बाळा. आमचा कप बी बाहेर, खुंटीला."

'आमचा' म्हणाले. आबा स्वतः त्या रस्त्यावर उभे होते. माझ्या आजोबांच्या दोस्तीची सुरुवात इथून झाली, हे मला सत्तावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. आणि लक्षात घ्या, अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ सालीच आला होता. कायदा दिल्लीत झाला होता, कप अजून खुंटीलाच होता.

त्या दिवशी आजोबा अंक घेऊन हॉटेलाबाहेर आले आणि रस्त्यात उभं राहून त्यांनी सगळं वाचलं. मला वाटलं, वा! हीच तर आपली स्क्रिप्ट. तेवढ्यात आबा म्हणाले, "दुसऱ्या दिशी मात्र परत आत बसून वाचलं त्यानं. ते बी सांग."

खरं सांगतो, ते शेवटचं वाक्य ठेवायचं की नाही यावर मी कितीतरी दिवस घालवले. आजोबा माझा जीव की प्राण होते. घरी आईला विचारलं तर ती म्हणाली, "गावासमोर कशाला रे?"

मधल्या काळात अत्रे नीट वाचले. 'कऱ्हेचे पाणी' हे आत्मचरित्र काढलं. दोन गोष्टी कळल्या. एक, मी केलेल्या किश्श्यांपैकी निम्म्यांचा आगापिछा सापडेना. दुसरी, अत्रे अंगावर यायचे. ना. सी. फडक्यांशी त्यांचा वाद बघा, काही ठिकाणी वाटतं की हे जरा जास्तच झालं. आज कुणी तसं लिहिलं तर आपण ट्रोल म्हणू. मग फरक काय? मला दिसला तो असा. ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पेपरात लिहायचे, समोरच्याला माहीत असायचं कोण बोललं ते. आणि त्यांना मतही बदलता यायचं. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी नेहरूंना सोडलं नव्हतं. तेच नेहरू २७ मे १९६४ ला गेले, तेव्हा अत्र्यांनी एक लेख लिहून विषय संपवला नाही, लेखमाला लिहिली. 'सूर्यास्त' नावाने ती पुस्तकरूपात आहे. ज्याच्याशी भांडलो त्याचं मोठेपण इतकं मोकळेपणाने मान्य करणं आपल्या कॉमेंट सेक्शनमध्ये कधी पाहिलंय?

मग ठरवलं. अत्रे खोटं गोड बोलणारे नव्हते, तर त्यांच्यावरच्या प्रयोगात मी आजोबांना खोटं गोड का करू?

गेल्या वर्षी दुसरा प्रयोग केला. उशी नाही. एक बाक, एक जुना पेपर, एक कप. मी अत्रे नाही, आजोबा झालो. अठरा वर्षांचा पोरगा, अडखळत वाचणारा. पहिली दहा मिनिटं लोक हसले. मग मी पेपर घेऊन स्टेजवरून उतरलो आणि मंडपाच्या बाहेर रस्त्यावर जाऊन वाचायला लागलो. लोकांना माना वळवाव्या लागल्या. वाचून झालं. परत स्टेजवर आलो, बाकावर बसलो आणि म्हणालो, "दुसऱ्या दिवशी मी परत इथंच बसलो." संपलं.

टाळ्या लगेच आल्या नाहीत. काही लोक उठून गेले. एका काकांनी नंतर सुनावलं, "जुनं कशाला उकरतोस?" आईने त्यावर काही म्हटलं नाही, पण घरी जाताना आबांना हात धरून तिनेच गाडीत बसवलं. आबा एवढंच म्हणाले, "आता भांडलास."

अत्रे १३ जून १९६९ ला गेले. 'मराठा' त्यांच्यानंतर काही वर्षांतच बंद पडला. आजोबांनी जपलेल्या अंकांपैकी एकही आमच्या घरी उरलेला नाही, वाळवीने खाल्ले. उरलं ते आबांच्या डोक्यात, आणि आता माझ्या फोनमध्ये, चव्वेचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग. त्यांच्या परवानगीने त्यातला थोडा भाग पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवणार आहे.

तोवर तुमच्यासाठी एक काम. घरात, गल्लीत कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर फोनचं रेकॉर्डर चालू करा आणि विचारा, गावात पेपर कोण वाचून दाखवायचं? आणि ऐकणारे कुठे बसायचे? दुसरा प्रश्न विसरू नका.

चला, भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या.