डबीतला चुना आणि विहिरीतला वायू

मंडळी, जरा जवळ सरकून बसा. मागच्या बायांनीही पुढे यावे. आज दाखवायच्या वस्तू लहान आहेत, लांबून दिसायच्या नाहीत.

तुमच्यापैकी कितीजणांच्या खिशात चुन्याची डबी आहे? हात वर करा बघू. हं, पुष्कळ आहेत. तंबाखू सोडा म्हणून आम्ही तुमच्या मागे लागलोच आहोत, पण ते भांडण आज नको. आज नुसता चुना पाहू. हा चुना होतो कसा?

चुनखडीचे दगड आणतात. कोकणात शिंपल्यांचाही चुना करतात. दगड आणि कोळसा भट्टीत रचून भाजतात. भट्टी निवाली की पांढरे, वजनाला हलके खडे निघतात. हा कळीचा चुना. त्यावर पाणी टाकले की तो तडकतो, फुगतो, वाफा येतात, पाणी उकळू लागते. खाली विस्तव नाही आणि उकळी! मग त्याची पांढरी भुकटी होते. हा विरलेला चुना. तोच पाण्यात कालवून डबीत भरतात.

आता एक फरक ध्यानात घ्या. तांदळात खडे मिसळले, तर निवडून वेगळे होतात. पाण्यात मीठ विरघळले, तर दिसत नाही. पण पाणी आटले की मीठ परत मिळते. मिठागरात हेच चालते. याला मिश्रण म्हणतात. भट्टीतली गोष्ट तशी नाही. चुनखडी ओल्या हातात खुशाल धरा, काही होत नाही. कळीचा चुना ओल्या हातात धरला, तर हात भाजतो. म्हणजे वस्तूच बदलली. याला रासायनिक बदल म्हणतात. दुधाचे दही होणे, लोखंडाला गंज चढणे, लाकूड जळणे, हे सारे असेच बदल.

बरे, आता हिशेब. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली आणि पुरती भाजली, तर कळीचा चुना मिळतो ५६ किलो. उरलेले ४४ किलो कुठे गेले? भट्टीवाला म्हणतो, आगीने खाल्ले. पण आग काही खात नाही, मंडळी. वजन नाहीसे होत नसते. ते कुठेतरी गेलेले असते, एवढेच.

स्कॉटलंड देशात जोसेफ ब्लॅक नावाचे एक डॉक्टर होते. मुतखड्यावर औषध शोधता शोधता ते चुन्याकडे वळले. त्यांनी तराजू हातात घेतला आणि प्रत्येक वेळी भाजण्याआधी व भाजल्यानंतर वजन केले. १७५६ साली त्यांनी आपले काम छापले. दगडातून एक वायू निघून जातो, म्हणून वजन घटते, असे त्यांनी दाखवून दिले. हा वायू साध्या हवेपेक्षा जड असतो. त्यात दिवा विझतो. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. नाव लांब आहे, पण जिभेला सवय होईल.

हा वायू डोळ्यांना दिसत नाही, त्याला वासही नाही. मग ओळखायचा कसा? ओळखणारा तुमच्या डबीतच आहे. चमचाभर चुना तांब्याभर पाण्यात ढवळा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वरचे स्वच्छ पाणी हलकेच ओतून घ्या. ही चुन्याची निवळी. पाहा, या पेल्यात आहे, अगदी पाण्यासारखी. आता आम्ही नळीने तिच्यात फुंकतो. फक्त फुंकायचे बरं का, ओढायचे नाही. दिसले? दुधासारखी झाली! आपण सोडतो त्या श्वासात हाच वायू असतो, शंभरात सुमारे चार भाग. बाहेरच्या हवेत तो दहा हजारांत सुमारे चारच भाग असतो. चुन्याने तो धरला आणि त्याची पुन्हा चुनखडी झाली. पेल्यातला पांढरेपणा म्हणजे चुनखडीचेच बारीक कण. जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंती वर्षांमागून वर्षे घट्ट होत जातात, त्याचेही कारण हेच. भिंतीतला चुना हवेतून हा वायू घेतो आणि पुन्हा दगड होतो.

चुनखडी कशाची बनली आहे? तीन मूलद्रव्यांची: कॅल्शियम, कार्बन आणि प्राणवायू. मूलद्रव्य म्हणजे ज्यातून आणखी साधी वस्तू रासायनिक रीतीने काढता येत नाही ते. सोने, तांबे, लोखंड ही मूलद्रव्येच. आज अशी ११८ माहीत आहेत. मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण म्हणजे अणू. ठराविक प्रमाणात मूलद्रव्ये जोडली जाऊन संयुग होते. १०० किलो चुनखडीत कॅल्शियम ४० किलो, कार्बन १२ किलो, प्राणवायू ४८ किलो. भट्टीत सगळा कार्बन आणि त्याच्याबरोबर ३२ किलो प्राणवायू निघून जातो. १२ आणि ३२ किती? ४४. बसला ना हिशेब?

फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी १७८९ साली मूलद्रव्यांची यादी छापली. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण त्या यादीत त्यांनी चुनाही घातला होता. त्यांना स्वतःलाही शंका होतीच. पुढे १८०८ साली इंग्लंडच्या हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने कॅल्शियम वेगळे काढले, आणि चुना यादीतून गेला. थोरांची चूकही तपासायची असते. म्हणून आम्हांला हे शास्त्र आवडते.

आता ज्यासाठी आज तुम्हांला बोलावले, ते सांगतो.

आम्ही शाळेवर होतो तेव्हाची गोष्ट. एके दिवशी सकाळी वर्गात आम्ही असाच पेला फुंकून दाखवला. मुलांनी वहीत लिहून घेतले. दुपारी ओरडा झाला. गावाबाहेरची जुनी, वापरात नसलेली विहीर साफ करायला एक माणूस उतरला होता. तो तळाशी कोसळला. त्याला काढायला धाकटा भाऊ उतरला, तोही वर आला नाही. लोक म्हणाले, विहिरीत भूत आहे. भूत नव्हते. पालापाचोळा कुजून तळाशी हाच वायू साठला होता, आणि प्राणवायू कमी झाला होता. आम्ही मुलांना वायूचे नाव शिकवले, निवळी दाखवली, पण हा विहिरीतही साठतो, हे सांगितले नव्हते. त्या भावांपैकी एकाचा मुलगा त्याच वर्गात बसला होता.

म्हणून नीट ऐका. बंद पडलेल्या विहिरीत, खोल खड्ड्यात, धान्याच्या पेवात एकदम उतरू नका. आधी दोराने पेटता कंदील तळापर्यंत सोडा. विझला, तर उतरायचे नाही. पण विझला नाही, तरी निर्धास्त होऊ नका. विहिरीत इंजिन चालले असेल, तर त्याच्या धुरातला विषारी वायू कंदिलाला कळत नाही. गोबरगॅसच्या किंवा मैल्याच्या टाकीत तर दिवा सोडूच नका, तिथला वायू पेट घेतो. उतरायचेच झाले, तर आधी आत ताजी हवा सोडा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा, आणि दोर धरायला वर दोनचार माणसे ठेवा. कोणी आत कोसळला, तर मागोमाग उडी घेऊ नका, मग तो सख्खा भाऊ असो. दोर असेल तर वरून ओढा, आणि ११२ क्रमांकाला फोन करा.

डबीचेही एक सांगून टाकतो. चुना पोराच्या हाती देऊ नका. डोळ्यात उडाला, तर चोळू नका. डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याने निदान वीस मिनिटे धूत राहा. कण दिसले तर पाण्यानेच काढा, आणि तसेच दवाखान्यात न्या. चुन्याने डोळा कायमचा जाऊ शकतो.

आता हे खोल पातेले पाहा. ही विहीर समजा. तळाशी खायचा सोडा आहे. आम्ही त्यावर लिंबू पिळतो. फेस आला ना? तोच वायू. आता पेटती मेणबत्ती तारेने हळूहळू खाली सोडतो. बाळ, तू इकडे ये, तार तू धर. अजून खाली. अजून थोडी. गेली! पुन्हा पेटवून द्या त्याला, मागच्यांना दिसले नाही.